द्वितीया मागणारे शब्द

परभणी, गंगाखेड, जिंतूर किंवा सेलूच्या शाळेत ज्यांनी दहावीपर्यंत संस्कृत घेतले असेल, त्यांना उपपद विभक्तीची यादी आठवत असेल. परितः, अभितः, उभयतः, प्रति, विना, यावत्, धिक्. यांपैकी एखादा शब्द वाक्यात आला की शेजारच्या नामाला द्वितीया लावायची. कारण विचारायचे नाही, गुण पदरात पाडून घ्यायचे. आज याच जिल्ह्यातली एखादी मुलगी परिचर्येची पदविका घेऊन, किंवा एखादा मुलगा आयटीआयमधून वायरमन होऊन जर्मन शिकायला बसतो, तेव्हा थोड्याच दिवसांत त्यांच्यापुढे दुसरी यादी येते: डुर्श, फ्यूर, गेगन, ओने, उम, बिस. अर्थ अनुक्रमे मधून, साठी, विरुद्ध, शिवाय, भोवती आणि पर्यंत. इथेही नियम तोच. हे शब्द आले की नामाला द्वितीया. जर्मन व्याकरण तिला आक्कुझाटिव म्हणते. या दोन याद्या एकमेकींपासून निघालेल्या नाहीत. एक पाणिनीच्या शलातुराहून आली, दुसरी रोमहून. त्यांची गाठ पडली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्या भेटीत महाराष्ट्राचा हात बराच होता. हा मागोवा घेताना आपल्याला गोदावरीचा काठ मधूनमधून लागत राहील.

सुरुवात अर्थातच पाणिनीपासून. इ.स.पू. पाचव्या-चौथ्या शतकाच्या सुमारास वायव्येकडच्या शलातुर गावच्या या वैयाकरणाने सुमारे ४,००० सूत्रांत संस्कृत भाषा बांधली. त्यात पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात ‘कर्मप्रवचनीय’ नावाचा एक छोटा वर्ग येतो. अनु, उप, अप, आ, परि, प्रति, अभि, अधि, सु, अति, अपि असे हे अकरा शब्द. दिसायला हे उपसर्गच. पण उपसर्ग धातूला चिकटतो, हे शब्द मात्र ठरावीक अर्थांत धातूपासून सुटून नामाच्या बाजूला जाऊन उभे राहतात. असे उभे राहिले की त्या नामाला काय विभक्ती लागावी, हे पाणिनी दुसऱ्या अध्यायात सांगतो. सर्वसाधारण नियम द्वितीयेचा. उप आणि अधि यांना काही अर्थांत सप्तमी. अप, आ आणि परि यांना पंचमी. म्हणजे एक मोठा गट आणि त्याला कातरणारे दोन लहान अपवाद. अन्तरा आणि अन्तरेण यांना द्वितीया लावणारे सूत्र वेगळे आहे, आणि विना या शब्दाला द्वितीयेबरोबर तृतीया-पंचमीचीही मुभा आहे. अभितः-परितः वगैरे मंडळी सूत्रात नाहीत. ती नंतरच्या वार्तिकांच्या परंपरेने यादीत बसवली. शाळेतली यादी तयार झाली ती अशी, थरावर थर चढत.

पाणिनीने नियम दिला, कारण दिले नाही. ते शोधण्याचा खरा प्रयत्न भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त केला. त्याने विचारले, की हा शब्द नेमके करतो काय? तो क्रिया सांगत नाही, दुसऱ्या एखाद्या लपलेल्या क्रियापदाकडे बोटही दाखवत नाही, आणि संबंध तर विभक्तीच सांगते. मग उरते काय? भर्तृहरीचे उत्तर असे, की तो त्या संबंधाला वेगळेपण देतो, तो इतर संबंधांपासून निवडून काढतो. पाचव्या शतकाच्या आसपासचा हा विचार आहे. एवढी नेमकी मांडणी युरोपात व्हायला आणखी १,४०० वर्षे जावी लागली, असे म्हणण्याचा मोह होतो आणि तो मला आवरावासा वाटत नाही.

आता आपण पैठणला येऊ. परभणी जिल्ह्यात पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांना जी गोदावरी भेटते, तीच आधी पैठणला भेटून आलेली असते. या पैठणची, म्हणजे प्रतिष्ठानची, एक कथा अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहे. सातवाहन राजा राण्यांसोबत जलक्रीडा करत होता. पाणी उडवणाऱ्या राजाला एक राणी म्हणाली की मला पाण्याने मारू नका. संधी न कळल्याने राजाने ‘मा उदकैः’चे ‘मोदकैः’ ऐकले आणि सेवकांना लाडू आणायला सांगितले. राणी हसली, राजा शरमेने आजारी पडला. व्याकरण किती दिवसांत शिकवता, असा प्रश्न निघाला तेव्हा गुणाढ्याने सहा वर्षे मागितली, शर्ववर्म्याने सहा महिने. शर्ववर्म्याने पैज जिंकली, आणि त्यासाठी जे आटोपशीर व्याकरण रचले ते ‘कातन्त्र’. कथा ही कथा आहे. पण कातन्त्र खरे आहे, आणि त्याचा स्वभाव कथेला शोभेल असाच आहे. पाणिनीची घट्ट वीण सोडून संधी, नाम, धातू अशी विषयवार मांडणी, प्रौढ माणसाला लवकर कामाला लागता यावे म्हणून केलेली. झटपट भाषा शिकवणाऱ्या वर्गांचा मूळपुरुष शोधायचा तर तो गोदाकाठच्या या दंतकथेतच सापडेल. ज्यांना संस्कृत परभाषा होती त्यांना हे पुस्तक सोयीचे पडले, आणि बौद्धांबरोबर ते मध्य आशियापर्यंत गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन मोहिमांनी तुर्फानच्या परिसरातून बर्लिनला जी हस्तलिखिते नेली त्यांत कातन्त्राचे तुकडे निघाले, आणि १९३० मध्ये हाइनरिश ल्यूडर्स या जर्मन पंडिताने त्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला. ल्यूडर्सचे नाव आपण लक्षात ठेवू. ते पुन्हा येणार आहे.

दुसरा थांबा देवगिरी. तेराव्या शतकात परभणीचा मुलूख यादवांच्या राज्यात होता. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची मंदिरे त्या काळाची साक्ष अजून देतात. महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीच्या आश्रयाने बोपदेवाने ‘मुग्धबोध’ हे व्याकरण लिहिले. संज्ञा एकाक्षरी, सूत्रे कमी, उदाहरणांत हरिनाम, अशी नवशिक्यावर दया करणारी रचना. मराठी मुलखाने तिला फारसे जवळ केले नाही, बंगालने डोक्यावर घेतले. पुढे कलकत्त्याला संस्कृत शिकणाऱ्या युरोपीयांच्या हाती ती लागली, आणि १८४७ मध्ये ओटो ब्योटलिंक या जर्मन घराण्यातल्या विद्वानाने सेंट पीटर्सबर्गला मुग्धबोध छापला. देवगिरीचे पुस्तक नेवा नदीच्या काठी निघावे आणि परभणीत त्याची कोणाला वार्ताही नसावी, हे तेव्हाच्या काळाला धरूनच होते.

दुसऱ्या यादीकडे, म्हणजे रोमच्या बाजूला वळू. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपास अलेक्झांड्रियाच्या डायोनिसिअस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात अशा पूर्वयोगी, म्हणजे नामाआधी येणाऱ्या, शब्दांची संख्या १८ दिली आहे. पण वर्गात पाठ करून घ्यायची यादी खरी केली ती चौथ्या शतकातल्या रोमच्या डोनाटस नावाच्या शिक्षकाने. संत जेरोम हा त्याचाच शिष्य. डोनाटसचे छोटे व्याकरण प्रश्नोत्तरी आहे, आणि त्यात या शब्दांचे सरळ तीन गट आहेत: द्वितीया घेणारे, पंचमीसारखी विभक्ती घेणारे, आणि दोन्ही घेणारे. तिसऱ्या गटात शब्द चारच. कुठे जाणे असेल तर द्वितीया, कुठे असणे असेल तर ती पंचमीसारखी. जर्मनच्या वर्गात आज ‘दुहेरी’ म्हणून जे नऊ शब्द शिकवतात आणि ‘कुठे जातो’, ‘कुठे आहे’ असे प्रश्न विचारायला लावतात, ती युक्ती या पुस्तकाइतकी जुनी आहे. हजार वर्षे युरोपातली मुले डोनाटस घोकत राहिली. १४५०च्या दशकात माइन्झला छपाई सुरू झाली तेव्हा अगदी आरंभी छापल्या गेलेल्या पुस्तकांत डोनाटस होता.

जर्मन भाषेची पहिली व्याकरणे १५७०च्या दशकात निघाली, आणि ती लॅटिनमध्ये लिहिलेली होती. १५७८ मध्ये आलेले योहानेस क्लायसचे व्याकरण लूथरच्या बायबलावर बेतले होते आणि ते दीर्घकाळ चालले. लॅटिनमध्ये विचार करणाऱ्याने जर्मन शब्दही लॅटिन कप्प्यांत घातले, हे ओघाने आलेच. डोनाटसचा विभक्तिक्रमही तसाच राहिला: प्रथमा, मग षष्ठी, मग चतुर्थी, मग द्वितीया. म्हणून जर्मन मुले जिला ‘चौथी’ म्हणतात ती आपली दुसरी, आणि त्यांची ‘तिसरी’ ती आपली चौथी. जर्मन भाषेत लिहिलेले व्याकरण वाचू लागणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची इथे हटकून फसगत होते.

भाषा मात्र कप्प्यांना भीक घालत नव्हती. जुन्या जर्मनमध्ये गेगन हा शब्द बहुधा चतुर्थी घेई. द्वितीयेकडे तो हळूहळू सरकला. त्याचे भाऊबंद एन्टगेगन आणि गेगन्यूबर अजून चतुर्थीलाच धरून आहेत. ओने हा शब्द षष्ठीबरोबरही नांदत असे. ‘निःसंशय’ या अर्थाच्या जर्मन शब्दात त्याचा जीवाश्म आजही सापडतो. बिस हा मुळात दोन शब्दांचा जोड, म्हणून त्याला एकट्याने उभे राहायला अजून अवघड जाते आणि त्याच्यापाठोपाठ बहुतेकदा दुसरा पूर्वयोगी शब्द येतो. सगळ्यात मोठा घोळ फ्यूर आणि फोर यांचा. ‘साठी’ आणि ‘समोर’ या अर्थांचे हे दोन शब्द अठराव्या शतकापर्यंत चांगले चांगले लेखक एकमेकांच्या जागी वापरत. १७४८ मध्ये गोट्शेडचे आणि १७८०च्या दशकात आडेलुंगचे व्याकरण आले, आणि या पिढ्यांच्या वैयाकरणांनी दोघांची वाटणी करून दिली: फ्यूरला द्वितीया कायमची, फोर दुहेरी गटात. आज ए-१ या पहिल्या पातळीच्या परीक्षेत ‘फ्यूर’नंतर चुकीची विभक्ती लिहिली म्हणून गुण जातो, त्या नियमाचे वय जेमतेम अडीचशे वर्षे आहे.

या दोन वाटा जवळ येण्याची एक संधी सतराव्या शतकातच हुकली. डिलिंगनचा येशूसंघीय हाइनरिश रोट आग्र्याला संस्कृत शिकला आणि १६६०च्या सुमारास त्याने लॅटिनमध्ये संस्कृतचे व्याकरण लिहिले. हस्तलिखित रोमला पोचले, तिथे पडून राहिले, आणि त्याची छायाप्रत प्रसिद्ध व्हायला १९८८ उजाडले. रोट स्वतः १६६८ मध्ये आग्र्यातच वारला. त्याचे पुस्तक वेळेवर छापले गेले असते तर तुलनात्मक भाषाशास्त्र शे-दीडशे वर्षे आधी सुरू झाले असते की नाही, हा भाषेच्या इतिहासकारांच्या आवडत्या ‘जर-तर’पैकी एक आहे. माझ्या मते नसते झाले. बियाणे होते, जमीन तयार नव्हती.

जमीन तयार झाली ती १८०० नंतर. १८०८ मध्ये फ्रीड्रिश श्लेगलचे भारतीयांच्या भाषेवरचे पुस्तक आले, १८१६ मध्ये फ्रांत्स बॉपने संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मनिक भाषांची धातुरूपे शेजारी शेजारी मांडली, १८१८ मध्ये बॉनला संस्कृतचे अध्यासन निघाले. १८३९-४० मध्ये ब्योटलिंकने तिथेच पाणिनी छापला. तेव्हा तो पंचविशीतला होता. या कामातून जे नाते उघड झाले ते आपल्या यादीच्या दृष्टीने विलक्षण आहे. जर्मन उम हा शब्द जुन्या उम्बी या रूपातून आला. ग्रीक आम्फी त्याचा सख्खा, आणि संस्कृतात त्याच घरचा शब्द अभितः. गोदावरीम् अभितः म्हणताना आपण जी द्वितीया लावतो, तीच उमनंतर जर्मन माणूस लावतो. डुर्श हा वैदिक तिरः या शब्दाच्या कुळातला. ‘पलीकडे, ओलांडून’ या अर्थी वेदात त्यालाही द्वितीया. फ्यूर निघाला तो प्र आणि परि यांच्या मुळातून. ओनेला विना अर्थाने जुळतो, यावत् हा बिसला आणि प्रति कितीतरी वेळा गेगनला.

मग या सगळ्यांना द्वितीयाच का? येनाच्या बेर्टोल्ड डेलब्रुकने १८९३ ते १९०० या काळात प्रसिद्ध केलेल्या तौलनिक वाक्यरचनेच्या ग्रंथांत उत्तर मांडले. हे शब्द म्हणजे मूळची स्वतंत्र क्रियाविशेषणे. दिशा दाखवणारी, नामावर हुकूम न चालवणारी. द्वितीया ही क्रियापदाची मागणी होती, कारण गती जिथे पोचते ती जागा द्वितीयेत असे. दिशादर्शक शब्द आणि द्वितीयेतले नाम पिढ्यान्‌पिढ्या शेजारी बसले, आणि कालांतराने लोकांना वाटू लागले की हा शब्दच द्वितीया मागतो. भर्तृहरीचा विचार आठवून हे वाचले तर दोघांमधला संवाद ऐकू येतो.

या काळात मराठी मुलखात काय चालले होते? जर्मन पंडित येत होते: १८५९ मध्ये मार्टिन हाउग पुण्याला आला, १८६३ मध्ये गेओर्ग ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात, आणि १८६६ मध्ये फ्रांत्स कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात. कीलहॉर्नने पुण्याच्या शास्त्र्यांच्या सहवासात व्याकरण पचवले, नागोजीभट्टाचा ‘परिभाषेन्दुशेखर’ इंग्रजीत आणला, आणि १८८० ते १८८५ मध्ये पतंजलीचे ‘महाभाष्य’ तीन खंडांत संपादून दिले. त्यातला शेवटचा भाग तो गॉटिंगेनला प्राध्यापक झाल्यावर पुरा झाला. त्याच गॉटिंगेनने १८८५ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. भांडारकरांच्या ‘मार्गोपदेशिके’वर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी संस्कृत गिरवले, शाळेतल्या उपपद विभक्तीचा वर्तमान साचा त्या वळणाचा आहे. पुढच्या पिढीत उलटी वाहतूक सुरू झाली. पांडुरंग दामोदर गुणे लाइपझिगला गेले. विष्णु सीताराम सुखटणकर बर्लिनला ल्यूडर्सकडे शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहीत होते, आणि तोही जर्मनमध्ये. म्हणजे हा मराठी माणूस संस्कृत व्याकरणावर लिहिण्यासाठी फ्यूर आणि ओने यांच्या द्वितीया जुळवत बसला होता. १९२८ मध्ये इरावती कर्वे बर्लिनला पोचल्या, त्या मानवशास्त्रासाठी.

परभणी या वर्दळीच्या बाहेर होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जिल्हा निजामाच्या राज्यात होता, वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि पुण्या-मुंबईच्या पंडितांचे जग इथून लांब होते. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले, १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ मिळाले, १९९४ मध्ये नांदेडचे विद्यापीठ. तरी जर्मन शिकायची तर पुण्याची गाडी पकडायची आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या ‘रानडे’ संस्थेत नाव घालायचे, हाच रिवाज पुष्कळ वर्षे राहिला.

मधल्या काळात खुद्द मराठीने एक गोष्ट केली, आणि तीच आजच्या विद्यार्थ्याला नडते. प्राकृतात चतुर्थी मोडली आणि तिचे काम षष्ठीने उचलले. मराठीचा ‘स’ हा प्रत्यय त्या षष्ठीचा वंशज आहे, हे झ्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९२० मध्ये छापलेल्या ग्रंथात दाखवले. गंगाखेडच्या जनाबाईच्या काळच्या मराठीतच ‘सी’ आणि ‘तें’ दोन्ही विभक्तींची कामे करताना दिसतात. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांनी मराठीचे व्याकरण लिहिले आणि १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांनी त्याची कसून चिकित्सा केली, तरी शाळेच्या तक्त्यात द्वितीया आणि चतुर्थी या शेजारणींचे प्रत्यय जवळजवळ तेच राहिले: स, ला, ते. ‘मुलाला पाहिले’ आणि ‘मुलाला दिले’ यांत मराठी कानाला फरक जाणवत नाही. जर्मनमध्ये पहिला आक्कुझाटिव, दुसरा डाटिव, म्हणजे चतुर्थी. शिवाय आपली शब्दयोगी अव्यये विभक्ती मागतच नाहीत, सामान्यरूपावर भागवतात: घराभोवती, नदीपर्यंत, मित्राशिवाय. म्हणून ‘शब्द विभक्ती मागतो’ ही कल्पना मराठी मुलाला फक्त संस्कृतच्या तासाला भेटते. ज्याने तो तास मन लावून केला, त्याला जर्मनचा हा धडा निम्मा ओळखीचा वाटायला हवा. दुर्दैवाने हे त्याला कोणी सांगत नाही. २०११ मध्ये केंद्रीय विद्यालयांत जर्मन तिसरी भाषा म्हणून आली, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये वर्षाच्या मध्यातच तिच्या जागी संस्कृत आणायचे ठरले, तेव्हा देशभर झालेल्या वादात दोन्ही बाजू या भाषा एकमेकींच्या वैरिणी असल्यासारख्या बोलत होत्या. बॉप आणि भांडारकर दोघांनाही ते चमत्कारिक वाटले असते.

मग २०२४ उजाडले. महाराष्ट्र आणि जर्मनीतले बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासाठी करार झाला, आणि जुलैमध्ये राज्य शासनाने १०,००० तरुणांचा पथदर्शी प्रकल्प जाहीर केला. परिचारिका, वीजतंत्री, नळकारागीर, चालक अशी कामे, आणि त्यासाठी जर्मनचे वर्ग पुण्या-मुंबईपुरते न ठेवता जिल्ह्याजिल्ह्यांत घेण्याची योजना. परिचारिकेला तिकडे मान्यता मिळवायची तर साधारण बी-२ पातळीपर्यंत मजल मारावी लागते. द्वितीया मागणारे शब्द त्याच्या कितीतरी आधी, पहिल्याच पायरीवर येतात. गंमत अशी की त्यांचा सगळा त्रास एकाच ठिकाणी दिसतो. पुल्लिंगी एकवचनात डेरचे डेन होते, आइनचे आइनन होते. स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी नामे आणि अनेकवचन जिथल्या तिथे राहतात. प्रत्यय झिजत झिजत एवढीच खूण उरली, बाकी सर्वनामे.

यादी अजून बंद झालेली नाही. ‘विरुद्ध’ या अर्थाचा जुना वीडर हा द्वितीयेचा मानकरी आता कायद्याच्या आणि धर्माच्या भाषेपुरता उरला आहे. उलट प्रो आणि पेर हे लॅटिन पाहुणे व्यापाराच्या कागदांतून आले आणि द्वितीयेच्या पंगतीला बसले. यातल्या प्रोला लॅटिनमध्ये द्वितीया चालत नसे. डोनाटसने त्याला दुसऱ्या गटात घातले होते. परभणीहून गेलेल्या वायरमनच्या पहिल्या पगारपत्रकावर तो शब्द ‘प्रो श्टुंडे’, म्हणजे दर तासाला, असा छापलेला असेल. आणि श्टुंडे स्त्रीलिंगी असल्यामुळे द्वितीया असूनही ती तिथे दिसणार नाही.